न वाचलेला दाखला

माझी थोरली बहीण परळच्या एका गिरणीत रिळाच्या खात्यात कामाला होती. धागा तुटला की पकडायचा, बोटांच्या टोकांनी गाठ मारायची आणि पुढच्या रिळाकडे वळायचं, हेच काम सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आम्ही तिला आक्का म्हणायचो. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी सांगतोय ती गोष्ट प्लेगच्या आधी तीन-चार वर्षांची. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती आणि तिला धागा दिसेनासा झाला होता.

दोन्ही डोळ्यांना खुपऱ्या झाल्या होत्या. पापणीच्या आत बारीक दाणे येतात, डोळ्याची उघडझाप केली की आत वाळू फिरल्यासारखं होतं, पाणी गळतं, उजेड सोसत नाही. गिरणीतल्या पुष्कळ बायकांना हे असायचं. आक्काचा उजवा डोळा जास्त बिघडला होता. आईनं धण्याचं पाणी घालून पाहिलं, गाईचं तूप लावून पाहिलं. चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. गाठी सुटायला लागल्या तशी मुकादमानं तिला दोनदा समज दिली होती.

मी गिरगावात आईवडिलांजवळ राहत होतो. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आपल्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही हे त्यांना फार लागायचं, म्हणून त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला इंग्रजी शाळेत घातलं. मी मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा नापास झालो, तेही इंग्रजीतच. वडील लोकांना सांगायचे, "थोडक्यात राहिला." मग बंदराजवळच्या एका हापिसात मला नकला करायचं काम मिळालं. साहेबाची पत्रं वळणदार अक्षरात उतरवून काढायची. माझं अक्षर छापल्यासारखं होतं. पण उतरवत होतो त्यातलं अर्धं मला कळत नव्हतं. शब्दांचे आकार पाठ होते, काहींचे अर्थ ठाऊक होते, बाकी अंदाज. हापिसात कोणी अर्थ विचारत नसे. चाळीत कोणाची तार आली की माझ्याकडे यायची. तारेत चार शब्द असतात, तेवढे मला जमायचे. त्यामुळे चाळीत माझा रुबाब होता आणि खरं सांगायचं तर तो मला आवडायचा.

एका रविवारी आक्काचे यजमान, आमचे भावोजी, गिरगावात आले. भावोजी त्याच गिरणीत माग चालवायचे. कमी बोलणारा, सरळ माणूस. गावाकडे त्यांच्या धाकट्या भावाचा पाय एका फिरत्या वैदूनं नासवला होता, तेव्हापासून औषध देणाऱ्या कोणाही माणसाकडे ते संशयानंच बघायचे.

पाण्याचा तांब्या खाली ठेवून ते मला म्हणाले, "लालबागेत एक डॉक्टर बसतो. डोळ्यांचं बघतो. हिच्या खात्यातल्या दोघी-तिघींना गुण आलाय म्हणतात."

"मग दाखवा ना," आई म्हणाली.

"दाखवायचं तर आहे. पण माणूस कोण, कुठला, काय शिकलेला, हे कळल्याशिवाय मी डोळ्याला हात लावू देणार नाही. भिंतीवर त्यानं इंग्रजी कागद टांगलाय. आमच्यात कोणाला वाचता येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ये आणि वाच. तू म्हणालास पास झालेला आहे, तर तिला बसवू. नाही म्हणालास तर तसेच परत फिरू."

वडिलांनी माझ्याकडे अशा काही अभिमानानं पाहिलं की मी लगेच हो म्हटलं.

पुढच्या रविवारी मी ट्रामनं भायखळ्यापर्यंत गेलो आणि तिथून चालत लालबागला. आक्का नि भावोजी दवाखान्याच्या दाराशी उभे होते. आक्कानं पदराचं टोक उजव्या डोळ्यावर धरलं होतं. दाराच्या वर पाटी होती, मराठीत ‘डॉक्टर’ आणि खाली इंग्रजीत तेच. आत एक लांबट खोली, भिंतीला बाक, बाकावर आठ-दहा माणसं, फळीवर बाटल्या. डॉक्टर पंचेचाळिशीचा असेल. काळा कोट, स्वच्छ नखं, आवाज मऊ. त्याच्या खुर्चीच्या मागं सोनेरी पट्टीची चौकट टांगली होती आणि आत तो कागद.

वाटेत घोकून ठेवलेलं इंग्रजी वाक्य मी म्हणून टाकलं. आपला दाखला बघायचा आहे, असं. डॉक्टर हसला, खुर्ची बाजूला सरकवली आणि इंग्रजीतून भराभर काहीतरी बोलला. त्यातलं ‘सर्टनली’ तेवढं मला कळलं.

मी चौकटीपुढं उभा राहिलो. मला वाटलं होतं कागद छापील असेल. तो हातानं लिहिलेला होता, तिरप्या, पळत्या अक्षरात, आणि शाई विटलेली. पहिली ओळ लागली: ‘दिस इज टू सर्टिफाय’. पुढं त्याचं नाव. त्यानंतर सगळे शब्द एकमेकांत गुंतलेले. खाली मोठी सही होती, सहीखाली ‘सर्जन’ हा शब्द स्पष्ट होता, आणि शेजारी गोल शिक्का.

माझे कान तापले. मागं बाकावरची माणसं गप्प बसून माझ्या पाठीकडे बघत होती. "भावोजी, अक्षर लागत नाही," एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. तेवढ्यात डॉक्टर माझ्या बाजूला आला आणि त्यानं इंग्रजीतून मला काहीतरी विचारलं. वाक्य लांब होतं. शेवटी सूर वर गेला, म्हणून प्रश्न आहे हे कळलं. झालं ना समाधान, असं विचारत असेल, असं मी धरलं.

"येस, येस. क्वाइट," मी म्हणालो.

आणि वळून भावोजींना म्हणालो, "ठीक आहे. गोऱ्या सर्जनची सही आहे. पास झालेले आहेत."

"सगळं वाचलंस ना?" भावोजींनी विचारलं.

"हो."

भावोजींनी आक्काकडे बघितलं. आक्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग पुढं होऊन खुर्चीवर बसली.

सुरुवातीला बरं चाललं. डॉक्टर पापणी उलटी करून मोरचुदाचा निळा खडा फिरवायचा, वरून कसलंसं पाणी घालायचा. तीन वेळा असं झालं. डोळ्याचं पाणी कमी झालं. आक्का म्हणाली, वाळू कमी झाली. वडिलांनी चाळीत दोघांना सांगितलं की आमच्या मुलानं डॉक्टर पारखून दिला. मीही ते ऐकून घेतलं.

चौथ्या वेळी भावोजींना गिरणीत जावं लागलं, म्हणून आक्काबरोबर मी गेलो. डॉक्टर म्हणाला, "उजव्या डोळ्यातले दाणे जुने आहेत. मोरचुदानं जाणार नाहीत. आता जोराचं औषध लावू." त्यानं एका काळ्या कुपीतून पांढरी काडी काढली. काडीखार, चामखीळ जाळायला लावतात तो. पापणी उलटून तो काडी फिरवायला लागला. आक्का ओरडणारी बाई नव्हती. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले, ताठ झाली, आणि तिचे पाय फरशीवर घासत राहिले. त्यानं लगेच कापूस ठेवून डोळा बांधून टाकला.

"आग होईल," तो मला म्हणाला. "होऊ दे. आग होते म्हणजे औषध लागतंय."

तीन दिवस आक्का भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली. उजव्या डोळ्याचं काळं बुबुळ दिसत नव्हतं. उकडलेल्या अंड्यासारखं पांढुरकं काहीतरी तिथं होतं. आम्ही तिला उचलल्यासारखी लालबागला नेली. डॉक्टरनं डोळा उघडून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. ते मी स्वतः पाहिलं. त्यानं थेंब दिले, रोज यायला सांगितलं, दोन दिवसांनी आपणहून घरी येऊन बघून गेला. पण महिनाभरात सूज ओसरली तरी तो पांढरा पडदा तसाच राहिला. उजेड आहे की अंधार, एवढंच त्या डोळ्याला कळायचं.

मला वाटलं होतं, भावोजी मला बोलतील. ते बोलले नाहीत. उलट शेजारी कोणी विचारलं की सांगायचे, "आम्ही आंधळेपणानं नेली नव्हती हो. मेव्हण्यानं सगळा कागद वाचला होता. पास झालेल्या माणसाच्या हातूनही चूक होते. आपलं नशीब." एकदा हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. मी तिथून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर अन्न गोड लागेना. शेवटी मी माझ्या जुन्या इंग्रजीच्या मास्तरांकडे गेलो. ते मुगभाटात राहायचे. त्यांच्याकडे विद्यापीठाचं जाडजूड पुस्तक असायचं, त्यात पास झालेल्या सगळ्यांची नावं छापलेली असत. मी डॉक्टरचं नाव सांगितलं, आणि त्याचा दाखला मीच वाचला होता हेही. मास्तरांनी वैद्यकीची पानं काढली, बोट ठेवून एकेक वर्ष उतरत गेले, मग मागल्या वर्षांतही पाहिलं. मग पुस्तक मिटलं.

"यात नाही," ते म्हणाले. "दुसरीकडे कुठं शिकला असेल. त्याच्या दाखल्यात काय लिहिलंय?"

मी मिटलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवलं.

"तू वाचलास म्हणालास ना?"

"मला लागला नाही, मास्तर," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच कोणासमोर बोललो. "मी वाचल्यासारखं केलं."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या टोकानं पुसत बसले. "वर्गात तू एकदाही उठून विचारलं नाहीस," ते म्हणाले. "मान हलवायचास. मला वाटायचं, तुला कळतंय." मग म्हणाले, "जा आणि तो कागद उतरवून आण. अर्थ लावत बसू नकोस. नुसता उतरव. ते तर तुला येतं."

मी वही-पेन्सिल घेऊन लालबागला गेलो. दुपारची वेळ होती, बाकावर कोणी नव्हतं. डॉक्टरनं मला पाहिलं, वही पाहिली, आणि खुर्ची बाजूला सरकवली, पहिल्या वेळी सरकवली होती तशीच. मी उतरवायला लागलो. तीन-चार ओळी झाल्या असतील, तेव्हा तो मराठीत म्हणाला, "कशाला त्रास घेता? मीच सांगतो. मी एका छावणीच्या दवाखान्यात सहा वर्षं होतो. जखमा बांधायचो, औषधं कालवायचो, साहेबाच्या हाताखाली डोळेही धुवायचो. साहेब विलायतेला निघाले तेव्हा त्यांनी हा कागद दिला. माणूस प्रामाणिक आहे, स्वच्छ आहे, मेहनती आहे, जाईल तिथं उपयोगी पडेल. एवढंच आहे त्यात."

"पास झाल्याचं?"

"ते कुठं आहे त्यात?"

"बाहेर डॉक्टर अशी पाटी आहे."

"लोक म्हणायला लागले, मग मी लावली."

माझा आवाज चढला. "तुम्ही मला त्या दिवशी सांगायला हवं होतं."

तो माझ्याकडे जरा आश्चर्यानंच बघत राहिला. "सांगितलं की. लोकांसमोर नको म्हणून इंग्रजीतून सांगितलं. हा नोकरीचा दाखला आहे, पदवीचा नाही. तुमच्या माणसांना चालेल ना, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, येस, येस, क्वाइट. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, समजून-उमजून म्हणतोय."

तो खरं बोलत होता का, हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्यानं कदाचित हवापाण्याचं विचारलं असेल आणि आता अंगावरचं झटकून टाकत असेल. पण ताडून पाहायला माझ्यापाशी काही नव्हतं. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं.

मी वही मिटली. तो म्हणाला, "तुमच्या बहिणीच्या डोळ्याचं मला फार वाईट वाटतं. काडी तीच होती, हात तोच होता. साहेब लावायचे तेव्हा असं कधी झालं नाही. काय चुकलं, मला सांगता येत नाही." मग तो बाहेरच्या गल्लीकडे बघत म्हणाला, "पण पास झालेला एक तरी डॉक्टर इथं येऊन बसतो का, तेही विचारा कोणाला तरी."

मी उतरवलेल्या चार ओळी मास्तरांना दाखवल्या. त्यांनी वाचल्या. डॉक्टर म्हणाला होता तसंच त्यात होतं.

लालबागहून परतताना पोलीस चौकीवर एका जमादाराला मी विचारलं होतं की असा माणूस डॉक्टर म्हणवून घेतो, त्याला कोणी धरत नाही का? तो म्हणाला, "घोडागाडी हाकायची तर बिल्ला लागतो. दारू विकायची तर परवाना लागतो. औषध द्यायला काय लागतं? द्यावं." आणि खरंच तेव्हा तसा काही कायदा नव्हता.

आता भावोजींना सांगणं भाग होतं. मी वाटभर वाक्यं जुळवत गेलो. पण त्यांच्या खोलीत पोचलो तेव्हा आक्का चुलीपुढं बसून डावा डोळा बारीक करून बोटांनी भाकरीचा काठ चाचपडत होती, आणि भावोजींनी मोठ्या आदरानं मला पाट दिला. मी म्हणालो, "तो डॉक्टर पास झालेला नाही. पुस्तकात नाव नाही. कागद फसवा आहे."

कागद फसवा नव्हता. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी मी तसं म्हणालो.

 दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर भावोजी माग खात्यातल्या पाच-सहा जणांना घेऊन लालबागला गेले. मी तिथं नव्हतो; पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यांनी पाटी उखडली, बाटल्या फोडल्या, चौकट भिंतीवरून ओढून काच फोडली आणि तो कागद बाहेर काढून त्याचे तुकडे केले. डॉक्टर अडवायला आला तेव्हा त्याला ढकलला. तो बाकावर पडला आणि त्याचं मनगट मोडलं. उजव्या हाताचं. भावोजी हे सांगताना हसत नव्हते की फुशारकी मारत नव्हते. त्यांनी आयुष्यात कोणावर हात टाकला नव्हता. "फसवलं नसतं तर मी काही केलं नसतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तुझ्यासारख्याला कागदावर फसवलं त्यानं, मग आमच्यासारख्यांचं काय?"

महिन्याभरात डॉक्टर ती जागा सोडून गेला. आक्काच्या चाळीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, बरं झालं. काहीजणी आक्काच्या तोंडावर म्हणाल्या, "तुझा डोळा गेला तो गेला; आता आमच्या पोरांना ताप आला तर न्यायचं कुठं?" एका बाईनं तिच्याशी बोलणं सोडलं. 

डावा डोळा अजून खुपऱ्यांनी भरलेलाच होता आणि आता तेवढा एकच उरला होता. मी ठरवलं की यावेळी मला न कळणारी एकही गोष्ट मी कळली म्हणणार नाही. मास्तरांच्या पुस्तकातून एक नाव काढलं. ठाकुरद्वारला राहणारा डॉक्टर, आठ वर्षांपूर्वी पास झालेला. नाव आहे म्हणून थांबलो नाही. तीन रविवार त्याच्या जिन्याखाली उभा राहून उतरणाऱ्या माणसांना विचारलं, काय होत होतं, काय दिलं, गुण आला का. नाक्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. शेवटी वर गेलो आणि डॉक्टरला मराठीतूनच म्हणालो, "रागावू नका, पण तुम्ही डोळ्यांचं काम किती केलंय? तुमचा दाखला मला मराठीत समजावून सांगाल का?"

तो रागावलाच. "मला असा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही," म्हणाला. मग मी त्याला उजव्या डोळ्याची हकिगत सांगितली. ती ऐकताना त्याचा राग निवला. त्यानं विचारलं, "काडीखार लावल्यावर मिठाच्या पाण्यानं डोळा धुतला होता का?"

"नाही. लगेच बांधला."

"मग तो आत जळत राहिला. लावला की ताबडतोब मिठाचं पाणी. ते धुणं चुकवून चालत नाही." तो उठला आणि त्यानं भिंतीवरचा छापील दाखला काढून माझ्या हातात दिला, कुठं काय लिहिलंय ते एकेक ओळ सांगितलं. मग म्हणाला, "हे सगळं खरं आहे. पण डोळे मी कॉलेजात बघितले, त्यानंतर थोडेच. बहिणीचा एकच डोळा राहिलाय. माझ्यावर सोपवू नका. भायखळ्याला सरकारी इस्पितळात डोळ्यांचं वेगळं खातं आहे, तिथं रोज हेच काम करतात. मी चिठ्ठी देतो."

इस्पितळात माणूस मरायला जातो असं तेव्हा सगळे समजायचे. आई रडली, भावोजी दोन दिवस हो-नाही करत राहिले. शेवटी आक्काच म्हणाली, "चला." सहा आठवडे मी तिला एक दिवसाआड भायखळ्याला नेत होतो. हापिसात उशीर व्हायचा, बोलणी खायचो. तिथं पातळ औषध लावायचे आणि लावल्याबरोबर धुवायचे. मी दर वेळी विचारायचो, हे काय, ते कशासाठी. एक डॉक्टर हसायचा, दुसरा खेकसायचा. मी विचारतच राहायचो.

डावा डोळा वाचला. पूर्ण नाही. माणूस ओळखू यायचा, चूल दिसायची, रस्ता दिसायचा. धागा कधीच दिसला नाही. गिरणीचं काम सुटलं. मग तिनं गावाकडच्या सहा-सात माणसांची खानावळ सुरू केली आणि तीच पुढे चालवली.

इस्पितळाच्या शेवटच्या फेरीनंतर आम्ही परळकडे चालत निघालो होतो. वाटेत एका चिंचेखाली ती टेकली. तिथं मी तिला सगळं सांगितलं. अक्षर लागलं नव्हतं, प्रश्न कळला नव्हता, भावोजींना मी पुन्हा खोटं सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

ती म्हणाली, "तू वाचलं नाहीस हे मला तेव्हाच कळलं होतं रे."

"कसं?"

"तू वाचतोस तेव्हा तुझे ओठ हलतात. लहानपणापासून. त्या दिवशी हलले नाहीत."

 मी विचारलं, "मग तू बसलीस कशाला?"

"एवढी माणसं बघत होती. ह्यांनी तुला मुद्दाम गिरगावातून आणलेला. तिथं मी म्हणू, माझ्या भावाला वाचता येत नाही म्हणून?" ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मला वाटलं, असेल बरा माणूस. दिसत तर बरा होता."

उठताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधाराला. "ह्यांना मात्र सांगू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर त्या माणसाचा हात मोडून आलेत. खरं कळलं तर त्याच्या दाराशी जाऊन बसतील माफी मागायला. आणि तो तर कुठं गेला कोणाला ठाऊक नाही."

मी सांगितलं नाही. भावोजी प्लेगच्या दुसऱ्या वर्षी गेले, तोवर ते माझ्यासाठी पाट मांडत राहिले. त्या डॉक्टरचा मी पुढे शोध घेतला. माहीमला कोणी म्हणालं, डिलाईल रोडला कोणी म्हणालं, दोन्हीकडे जाऊन आलो. मनगट मोडलेला, मऊ आवाजाचा माणूस कोणाला आठवत नव्हता. भेटला असता तर त्याला विचारायचं होतं की त्या दिवशी त्यानं नेमकं काय विचारलं होतं. आता इंग्रजी मला बरंच येतं. ते वाक्य कोणी पुन्हा म्हटलं तर मला कळेल.